नागपुरातल्या जुन्या इमारतींचे फोटो: कुठं उभं राहायचं, कधी जायचं

काही वर्षांपूर्वी सिव्हिल लाईन्समधल्या जीपीओचा एक फोटो मी मोठ्या कौतुकानं आजीला दाखवला. तिनं चष्मा वर केला, फोन आधी जवळ नेला, मग लांब धरला आणि विचारलं, "काऊन रे, पोस्ट हापिस मागं पडून राहिलं काय?"

राग आला, पण नंतर पाहिलं तर म्हातारी बरोबर होती. भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकलेल्या, खालच्या अर्ध्या फोटोत नुसता डांबरी रस्ता, डाव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी स्कूटीचं हँडल. १९२१ साली बांधून झालेली इमारत शंभर वर्षं सरळ उभी आहे आणि मी ती एका क्लिकमध्ये आडवी केली होती.

तेव्हापासून ज्या चुका केल्या आणि त्यांतून जे हाती लागलं, ते इथं देतोय. नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी आहे. साधा फोन असला तरी पुरे. कॅमेरा असेल तर त्याचं थोडं पुढं येईलच.

आधी एकच इमारत धरा

नवीन माणूस काय करतो? रविवारी सकाळी निघतो, झिरो माईल, विधानभवन, हायकोर्ट, रेल्वे स्टेशन, गांधी गेट असं सगळं दुपारपर्यंत उरकतो, तर्री पोहे खातो आणि घरी येऊन पाहतो तर दोनशे फोटो, सगळे एकसारखे. मीही हेच केलं. पोहे तेवढे चांगले होते.

एक इमारत निवडा आणि तिच्याकडे निदान चारदा जा. पहिल्या धड्यासाठी मी सगळ्यांना कस्तुरचंद पार्कवरचा बँडस्टँड सांगतो. कामठीचे सावकार सर कस्तुरचंद डागा यांचं नाव लागलेलं हे मैदान, आणि त्यावरची ती दगडी, कमानीदार वास्तू. सांगायचं कारण एवढंच की ती मोकळ्या मैदानात आहे. शेजारच्या भिंतीला टेकलेली नाही, तिच्याभोवती अख्खी फेरी मारता येते. शहरातल्या बाकी बहुतेक जुन्या इमारती तुम्हाला एका बाजूनंच दिसतात, दुसरी बाजू कुंपणाआड. मैदानात एखादा कार्यक्रम किंवा प्रदर्शन असेल तर मात्र मांडवात सगळं हरवतं, त्या दिवशी परत फिरा.

पहिल्या दिवशी फोन खिशातच राहू द्या. एक फेरी मारा. दर दहा-बारा पावलांवर थांबा आणि बँडस्टँडकडे नको, त्याच्या मागं काय येतंय तिकडे बघा. एका जागेवरून मागं मेट्रोचा मार्ग येतो, दुसऱ्या जागेवरून उंच इमारत घुमटाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते, तिसऱ्या जागेवरून नुसती झाडं. दोन पावलं डावीकडे सरकलं की ती टोपी खांबाआड जाते. ही दोन पावलं म्हणजेच कंपोझिशनचा, म्हणजे फोटोच्या मांडणीचा, अर्धा अभ्यास. पुस्तकातले नियम नंतर वाचले तरी चालतील.

दुसरी फेरी मारताना मनात एक वाक्य तयार करा. "मी बँडस्टँडचा फोटो काढतोय" हे वाक्य कामाचं नाही, त्यातून काही ठरत नाही. "एका कमानीतून पलीकडची कमान दिसतेय" हे वाक्य कामाचं आहे. ते सुचलं की कुठं उभं राहायचं, फोन किती खाली न्यायचा, काय बाहेर ठेवायचं, हे आपोआप ठरत जातं. "एवढ्या मोठ्या मैदानात ही एवढीशी वास्तू" हे वाक्य असेल तर तुम्ही लांब जाल आणि फोटोत तीन चतुर्थांश आकाश ठेवाल. वाक्य सुचलं नाही तर सरळ घरी जा, उद्या या.

पडणाऱ्या भिंती सरळ कशा करायच्या

आजीच्या प्रश्नाचं उत्तर. आपण इमारतीच्या जवळ जातो, वरचं टोक मावत नाही, म्हणून फोन मागं कलतो. फोन कलला की त्याच्या आतला सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही. इमारतीचा वरचा भाग लेन्सपासून लांब, म्हणून लहान दिसतो. खालचा जवळ, म्हणून मोठा. भिंती वर निमुळत्या होतात. आपला डोळाही हेच पाहत असतो, पण मेंदू ते दुरुस्त करून घेतो. कॅमेरा घेत नाही.

उपाय एकच, फोन काटकोनात सरळ धरायचा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड (पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेषा) आणि लेव्हल (फोन सरळ आहे का ते दाखवणारी खूण) दोन्ही सुरू करा. पण सरळ धरला की लगेच नवी अडचण येते: तुमच्या डोळ्यांच्या उंचीची रेषा फोटोच्या बरोबर मधोमध येते, वरच्या अर्ध्या भागात इमारत कापली जाते आणि खालचा अर्धा भाग रस्त्याला जातो.

म्हणून मागं जायचं. किती मागं? फोनच्या साध्या, म्हणजे वन एक्स लेन्सला माझा हिशेब असा: फोन उभा धरला तर इमारतीच्या उंचीच्या साधारण दीडपट लांब, आडवा धरला तर दुप्पट. इमारत १२ मीटर उंच असेल तर उभ्या फोनला १८ मीटर. आपलं एक पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर चोवीस पावलं. मोजून बघा, जमतं. त्या अंतरावर फोन सरळ ठेवूनही वरचं टोक मावतं.

चोवीस पावलं मागं जायला जागाच नसेल तर? महाल या जुन्या वस्तीत नसतेच, पाचव्या पावलाला समोरच्या घराचा ओटा लागतो. तिथं तीन वाटा आहेत.

पहिली, उंची मिळवा. समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून काढलेल्या फोटोत भिंती जवळजवळ आपोआप सरळ येतात, कारण तुम्ही इमारतीच्या मध्याच्या पातळीला आलेले असता. विचारलं तर लोक वर येऊ देतात, चहाही देतात.

दुसरी, थोडं कलू द्या आणि घरी सरळ करा. स्नॅपसीडमध्ये आणि लाइटरूममध्ये ही सोय आहे. पण सरळ करताना वरच्या कडा ताणल्या जातात आणि बाजूचा भाग कापला जातो. म्हणून काढतानाच दोन्ही बाजूंना आणि वर भरपूर जागा सोडा. मी सुरुवातीला फ्रेम ठासून भरायचो आणि सरळ करताना कळसच कापला जायचा.

तिसरी, अख्खी इमारत घ्यायचा हट्ट सोडा. दरवाजा, सज्जा, एक खिडकी. बहुतेक वेळा हाच फोटो सगळ्यात चांगला निघतो.

आणखी एक वाट आहे, अल्ट्रावाइड लेन्सची. तिच्यापासून नवख्यांनी सहा महिने लांब राहावं असं माझं मत आहे. पॉइंट फाइव्हवर सगळं मावतं खरं, पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि इमारत दूर पळाल्यासारखी खुजी दिसते. पॅनोरमाही नको. लांबलचक दर्शनी भाग एका जागी उभं राहून पॅनोरमात घेतला की सरळ कठडा केळ्यासारखा वाकतो, कारण तुम्ही जागेवरच गोल फिरत असता. उलट टू एक्स किंवा थ्री एक्स लेन्स वापरायची सवय करा. लांब जाऊन टू एक्सनं काढलेली इमारत भारदस्त दिसते, मागच्या आणि पुढच्या भागांचं प्रमाण डोळ्याला दिसतं त्याच्या जवळ राहतं.

मधोमध की कोपऱ्यातून

काही इमारती समोरून, अगदी मध्यावरूनच बघायच्या असतात. आपलं हायकोर्ट घ्या. त्याचे वास्तुविशारद हेन्री मेड. नवी दिल्ली उभारली जात होती तेव्हा त्यांनी तिथं काम केलेलं. नागपूरची ही इमारत ६ जानेवारी १९४० ला सुरू झाली. वाळूच्या दगडातली, मध्ये घुमट, दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले हात. जिथं बांधणाऱ्यानंच डावं-उजवं इतकं तोललंय, तिथं आपण कशाला तिरपं व्हायचं?

पण मध्य अंदाजानं सापडत नाही. पुढचा आणि मागचा असे दोन बिंदू निवडा: पुढच्या दाराची मधली रेषा आणि तिच्या मागं वर घुमटाचं टोक. ते दोन्ही एका रेषेत येईपर्यंत डावीकडे-उजवीकडे सरका. आले की तुम्ही मध्यावर. अर्धं पाऊल चुकलं तरी मागचं टोक बाजूला सरकतं आणि ते फोटोत खटकतं, अगदी कारण कळलं नाही तरी खटकतं. सममितीच्या फोटोत पाच टक्के चूक ही पूर्ण चूक असते. तितका वेळ द्यायचा नसेल तर सरळ कोपऱ्यात जा.

कोपऱ्यातून काढताना उलट करायचं. दोन्ही बाजू सारख्या दिसू द्यायच्या नाहीत. एक बाजू दोन भाग, दुसरी एक भाग. आणि जमलं तर एका बाजूवर ऊन, दुसरीवर सावली. दोन्हींवर सारखं ऊन असलं की इमारतीचा कोपरा फोटोत दिसतच नाही, पुठ्ठ्याचं खोकं उलगडून ठेवल्यासारखं सपाट होतं.

झिरो माईल हा तिसराच प्रकार. १९०७ च्या सुमाराचा वाळूच्या दगडाचा खांब, शेजारी चार घोडे, आणि खांबाच्या पायथ्याशी गावांची नावं आणि मैलांची अंतरं कोरलेली. सगळे जण खांब आणि घोडे एकत्र घ्यायला जातात आणि मागं वाहनं, मेट्रो, पाट्या असा बाजार भरतो. मी तिथं खाली बसतो. फोन गुडघ्याच्या उंचीवर आला की एका घोड्याची मान आकाशावर मोकळी दिसते आणि रस्ता कठड्याआड जातो. कोरलेली अक्षरं मात्र वेगळी काढा, सकाळच्या तिरप्या उन्हात. भर दुपारी ती वाचताही येत नाहीत.

ऊन

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण नागपूरकरांना वाटतं की उन्हाबद्दल आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या अखेरीला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो, आणि दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायाशीच नाहीशी होते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेलाच असतो.

याचा इमारतीशी संबंध काय? उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर २३ सप्टेंबरच्या सुमारापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन पडतच नाही. सकाळीही नाही, संध्याकाळीही नाही. मी एका उत्तरमुखी देवळासाठी थंडीत पाच रविवार वाया घालवले. दर वेळी वाटायचं, अजून थोडं लवकर यायला हवं होतं. शेवटी देवळाच्या पुजारीबुवांनीच सांगितलं, "तुम्ही चैत्रानंतर या, सकाळी सूर्य त्या कोपऱ्यातून येते." वीस वर्षं ते त्या पायरीवर बसलेले, आणि मी ॲप बघत होतो.

तर पायरी अशी: इमारतीच्या दर्शनी भागाकडे पाठ करून उभे राहा, फोनमधलं कंपास उघडा, इमारतीचं तोंड कुठं आहे ते वहीत लिहा. पूर्वमुखी असेल तर सकाळ, पश्चिममुखी असेल तर संध्याकाळ, दक्षिणमुखी असेल तर थंडीचा जवळजवळ पूर्ण दिवस, उत्तरमुखी असेल तर मे ते जुलैची सकाळ-संध्याकाळ किंवा मग ढगाळ दिवस. सन सर्व्हेअर किंवा फोटोपिल्ससारखं ॲप असेल तर कोणत्या तारखेला सूर्य कुठं असेल ते आधीच दिसतं.

उदाहरणार्थ आपलं रेल्वे स्टेशन. १५ जानेवारी १९२५ ला उद्घाटन झालेली मुख्य इमारत रुळांच्या पश्चिमेला आहे, संत्रा मार्केटची बाजू पूर्वेची. म्हणजे दर्शनी भाग पश्चिमेकडे. सकाळी तिथं गेलात तर सूर्य इमारतीच्या मागं, दर्शनी भाग काळपट, आकाश पांढरं. थंडीत दुपारी चार ते साडेपाच ही वेळ धरा, दगडाला तेव्हा रंग चढतो. पुनर्विकासाच्या कामाचे पत्रे मध्ये येत असतील तर इमारतीचा वरचा भागच टू एक्सनं घ्या.

ऊन भिंतीवर समोरून पडतं की घासून जातं, यावर सगळं अवलंबून. समोरून पडलेल्या उन्हात रंग चांगला येतो पण कोरीवकाम सपाट होतं. भिंतीला घासून जाणाऱ्या उन्हात प्रत्येक पाकळीला, प्रत्येक छिन्नीच्या खुणेला आपली सावली मिळते. ही वेळ फार छोटी असते. कधी दहा मिनिटं, कधी वीस. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना छज्जाखालून भिंतीवर काळे ओघळ उतरतात, तेव्हा सावलीत बसून रसवंतीचा रस प्यावा.

पावसाळ्याला लोक उगाच घाबरतात. ढगाळ उजेडात सावल्या मऊ होतात, दगडाचा खरा रंग दिसतो, पायऱ्या ओल्या झाल्या की गडद होतात. आणि डबकी! फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येईल, आणि पाण्याला जवळजवळ टेकवा. ओंजळभर पाण्यात अख्खी इमारत उतरते. फोन बुडाला तर मला बोलू नका.

सूर्य मावळल्यावर साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटांच्या दरम्यान आकाश निळं आणि इमारतीवरचे दिवे पिवळे, दोन्ही एकाच तोलात येतात. जानेवारीत आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे सहा वाजता तयार राहायचं. अंधार पूर्ण झाला की दिवे फुटतात आणि बाकी सगळं काळं. फोन एखाद्या कठड्यावर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, बोटाचा धक्का नको. आणि त्याआधी लेन्स पुसा. बोटाचा तेलकट डाग दिवसा कळत नाही, रात्री प्रत्येक दिव्याला धुराची शेपटी येते.

तारा, फ्लेक्स आणि गाड्या

महालातलं गांधी गेट, जुन्या लोकांचा जुम्मा दरवाजा. शुक्रवारी नावाच्या तलावाकडून महालात शिरताना लागणारी ही दगडी वेस, आणि तिच्यातून दिवसभर वाहतूक चाललेली. इथं 'स्वच्छ' फोटो मिळत नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स असतात, केबल असतात, दुचाक्या असतात.

मी आधी यावर फार चिडायचो. आता ठरवून तीन गोष्टी करतो. एक, रविवारी सकाळी साडेसहाला जातो, दुकानं उघडायच्या आत. दोन, तारा आडव्या न येता कमानीच्या कडेला समांतर येतील अशी जागा शोधतो. पूर्ण हटत नाहीत, पण डोळ्यांत खुपणं थांबतं. कधी पुढं जाऊन तारांच्या खालीच उभं राहिलं की त्या फ्रेमच्या वर निघून जातात. तीन, वाहतुकीलाच कामाला लावतो. कमानीवर फ्रेम पक्की करून थांबायचं. रिकाम्या कमानीचा आकार फोटोत कळत नाही, ती देव्हाऱ्याएवढीही असू शकते. तिच्यातून एक सायकलवाला गेला की कळतं. तो कमानीच्या पोकळीत, पलीकडच्या उजेडावर मोकळा दिसेल तेव्हा दाबायचं. त्याचं चाक कठड्याला चिकटलं की सगळं चिखल. वीस सायकलींत एक जमते.

फोनमधल्या खोडरबरानं तारा पुसायच्या का? घरी लावायला फोटो असेल तर खुशाल पुसा. पण जुन्या इमारतीची नोंद म्हणून ठेवणार असाल तर नको. पुढं कुणी तो फोटो बघून म्हणेल, इथं विजेचा खांब नव्हता.

वाड्यात शिरताना

महाल-इतवारीतले वाडे हा या सगळ्यातला सर्वांत देखणा आणि सर्वांत अवघड भाग. ही लोकांची घरं आहेत. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणजे आत यायचं आमंत्रण नव्हे.

मार्चमधली गोष्ट. दिंडीतून आत चौक दिसत होता, पलीकडे ओसरीचे लाकडी खांब. एक काकू चौकात प्लास्टिक अंथरून कुरड्या वाळत घालत होत्या. मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, "काकू, नमस्कार. जुन्या वाड्यांचे फोटो काढतो मी. चौकातले दोन काढू का?"

"बिल्डरचा माणूस तर नाहीस ना रे तू?"

"नाही हो काकू. नंदनवनला राहतो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ये मग. पण कुरड्यांवर सावली पाडू नको."

त्या अटीनं मला त्या दिवशी खूप शिकवलं. चौकाच्या उन्हाच्या बाजूला जाताच येईना, म्हणून ओसरीच्या अंधारात मागं सरकावं लागलं. आणि तिथून दिसलं की पुढचे दोन खांब आणि वरची तुळई मिळून चौकट तयार झालीय, तिच्यात लख्ख चौक, आणि एका खांबाच्या कोरलेल्या कमळावरून उन्हाची पट्टी घासत खाली उतरतेय. मी चौकात उभा राहून खांबांचा फोटो काढायच्या बेतात होतो. फोटो होता खांबांमागून चौकाचा.

अशा जागी उजेडाचा फरक फार असतो. फोन आपल्या मनानं सरासरी काढतो आणि चौक पांढरा फटक होतो. म्हणून उजळ भागावर बोट टेकवून दाबून ठेवा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथं बांधला जातो, मग बोट थोडं खाली ओढा. अंधार अंधाराच्या जागी राहू द्या, वाड्याला तो शोभतो. कॅमेरा असेल तर एकाच जागेवरून तीन फोटो घ्या: एक बरोबर, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). नंतर जोडता येतात. फ्लॅश वापरू नका. लाकडाची सगळी खोली मरते आणि घरातली माणसं दचकतात.

देवघर, स्वयंपाकघर, वाळत घातलेले कपडे, झोपलेली माणसं यांच्यावर फोन रोखू नये. हे सांगावं लागू नये, पण सांगतो.

पहारा आणि परवानगी

हायकोर्ट, विधानभवन यांचे फोटो बाहेरच्या रस्त्यावरून घ्यावेत आणि पहारेकऱ्यानं हटकलं तर वाद घालू नये. डिसेंबरात अधिवेशन असताना तर त्या भागात न गेलेलंच बरं. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. १८१७ च्या नोव्हेंबरातली भोसले आणि इंग्रजांची लढाई इथलीच. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा दिवशी लोकांना आत सोडतात, पण तिथं कॅमेऱ्याबद्दल जवान जे सांगतील ते ऐकायचं. रामटेकला किंवा दुसरीकडे पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात गेलात तर ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. ड्रोनचा विचार शहरात तूर्त सोडा.

ट्रायपॉडची एक गंमत आहे. एका सरकारी इमारतीसमोर मी फोनवर वर्षभर फोटो काढत होतो, कुणी विचारलं नाही. ज्या दिवशी तिपाई उभी केली त्या दिवशी अर्धा तास चौकीत बसून वहीतल्या नोंदी समजावून सांगाव्या लागल्या. लोकांच्या लेखी तिपाई म्हणजे काहीतरी मोठं प्रकरण. कठडा, बाक, भिंत यांवर भागवा.

सेटिंगचं थोडक्यात

कॅमेरा असेल तर एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ १०० (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता), आणि हातात धरून काढताना शटर १/१२५ सेकंदापेक्षा सावकाश ठेवू नका. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स भरपूर झाली. व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळे-निळेपणा ठरवणारी सोय) ऑटोवर ठेवू नका, डेलाइटवर ठेवा, नाहीतर संध्याकाळचं सोनं कॅमेरा स्वतःहून पुसून टाकतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढता आलं तर काढा. फोनमध्ये फिल्टर आणि ब्युटी बंद. मेमध्ये फोन तापून कॅमेरा बंद पडतो, तो उन्हात गाडीच्या होल्डरला लावून नेऊ नका, पिशवीत ओल्या रुमालाशेजारी नाही, कोरड्या टॉवेलात ठेवा.

घरी आल्यावर

त्याच रात्री निवडू नका. दोन दिवस जाऊ द्या. काढतानाची धावपळ विसरली की वाईट फोटो वाईट दिसायला लागतात. एका इमारतीचे तीनच ठेवा: एक लांबून, एक मधल्या अंतरावरून, एक हातभर अंतरावरून. चौथा ठेवायचा मोह झाला तर त्या तिघांतला एक काढून टाका.

एडिटिंगचा क्रम: आधी उभ्या रेषा सरळ, मग कडा कापणं, मग उजेड, सगळ्यात शेवटी रंग. रंगाची पट्टी ओढताना हात आखडता घ्या. आपला वाळूचा दगड फिकट, मातकट पिवळा आहे. सॅच्युरेशन वाढवलं की हायकोर्ट संत्राबर्फीसारखं दिसतं.

फाइलला नाव द्या: इमारत, तारीख, वेळ, कोणत्या बाजूनं. 'गांधीगेट, ९ मार्च, सकाळी ६.४०, तलावाकडून' एवढं पुरे. पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्याच जागी उभं राहायला ते कामी येतं.

आणि ज्यांच्या घरात शिरलात त्यांना छापील फोटो नेऊन द्या, साधा चार बाय सहाचा. मोबाईलवर पाठवू नका, तो बाकीच्या 'शुभ सकाळ'मध्ये वाहून जातो. काकूंना मी खांबांचा फोटो दिला. त्यांनी उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "कुरड्या नाही आल्या यात?" मग आतून किल्ली आणली आणि माडीचं दार उघडून दिलं. माडीची खिडकी उत्तरेला आहे. जूनमध्ये जायचंय.